शशीनं मीठ सोडलं

३ जून १९८०, मंगळवार

जाऊबाईंचं पत्र. चार ओळी ऊस, पाणी आणि गुडघे. मग सहज लिहावं तसं — "शशीनं महिना झाला मीठ सोडलंय. एकदाच जेवते. तुम्हाला कळवलंच असेल तिनं."

काही कळवलं नाही! मे महिन्यातली तिची दोन पत्रं आहेत माझ्याजवळ. पेपर चांगले गेले, गावी आलेय, मुनिसंघ आलाय, गर्दी आहे. बस्स. मिठाचं नाव नाही.

यांना दाखवलं. म्हणाले, "सुट्टीतलं खूळ आहे. कॉलेज सुरू झालं की मिसळ खाईल." आणि पेपर वर घेतला.

शशी लहानपणी मीठ तळहातावर घेऊन चाटायची. त्यावरून मार खाल्लाय तिनं माझा.

६ जून, शुक्रवार

दोन पानं लिहिली तिला. बेळगावच्या डॉक्टर मुलाकडची माणसं दिवाळीत बघायला येणार, तर कुठली साडी नेसशील वगैरे. मिठाचं शेवटी, एका ओळीत. मला त्याचं फारसं काही नाही असं वाटावं म्हणून.

दोह्याहून दहा दिवस पत्र जायला, दहा यायला. तोवर?

२९ जून

शशीचं पत्र आलं. आता उशीखाली ठेवलंय. पाठच झालंय.

"आई, रागावू नकोस. मी कॉलेजला परत जाणार नाही. बेळगावला नाही म्हणून कळव. मला संघाबरोबर राहायचंय. ब्रह्मचर्यव्रत घेतलंय. महाराजांना योग्य वाटलं तर पुढं दीक्षा देतील. तुला वाटेल कोणीतरी भरवलं. कोणी नाही. उलट महाराज दोनदा नको म्हणाले."

दीक्षा! म्हणजे डोक्यावरचे केस हातानं उपटून काढायचे. पांढरी साडी, हातात मोरपिच्छी. जन्मभर अनवाणी चालायचं. दिवसातून एकदा ओंजळीत पडेल तेवढं खायचं. आणि मग आई नाही, बाप नाही, घर नाही. लहानपणापासून किती माताजींच्या पाया पडले मी! त्यांचीही आई कुठंतरी असेल, हे कधी मनातसुद्धा आलं नाही.

यांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "पाटलाच्या घरची मुलगी आहे ती. सात गावांत मान आहे आपल्या घराण्याला. दारोदार भिक्षा मागणार?"

मी म्हटलं, भिक्षा नव्हे, आहार म्हणतात.

माझ्यावरच ओरडले!

२ जुलै

टेलिफोन ऑफिसात तीन तास बसून कॉल लागला. गावात फोन सोसायटीच्या ऑफिसात. थोरल्या भाऊजींना आधी तार केली होती, ते तिला घेऊन आले होते. आधी यांनी घेतला. नुसतं "हे काय चाललंय?" "हे काय चाललंय?" एवढंच दोनदा. मग माझ्या हातात दिला.

काय काय ठरवलं होतं बोलायचं! तोंडून आलं, "जेवलीस का?"

"सकाळी झालं, आई."

"मग आता परत?"

"आता उद्या."

आवाज नेहमीचाच. आजारी नाही, रडवेला नाही. ते जास्त वाईट. मी म्हटलं, शशी, एकुलती एक आहेस गं. ती काहीतरी बोलली आणि तेवढ्यात लाईन गेली. काय बोलली ते आता कधी कळणार नाही. यांनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, बरी आहे म्हणाली.

१५ जुलै

रमजान सुरू. ऑफिस दुपारीच सुटतं, हे लवकर घरी. घरात दोन माणसं, आणि एक शब्द नाही.

२० जुलै

आज धीर करून म्हटलं, मला एकटीला पाठवा. महिनाभर. तिच्यापाशी राहते.

म्हणाले, पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. देश सोडायच्या एक्झिट परमिटवर कफीलची, म्हणजे ज्याच्या जामिनावर इथं राहतो त्या मालकाची, सही लागते, आणि बायकोचा अर्ज नवऱ्याच्या नावानं जातो. "मग तुम्ही करा ना अर्ज," मी म्हटलं.

"फेब्रुवारीत सुट्टी आहे. तेव्हा दोघं जाऊ. तोवर भूत उतरलेलं असेल."

बारा वर्षं झाली दोह्यात. माझा पासपोर्ट कसा दिसतो ते मला आठवत नाही.

१० ऑगस्ट

जिन्यात पिलार भेटली. खालच्या मजल्यावरची स्पॅनिश बाई — तिचा नवरा यांच्याच प्लँटवर. माझे डोळे बघून हाताला धरून घरात घेऊन गेली. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच, तोडकं. त्यामुळं दोघींना बरं पडतं. मी सांगितलं — माय डॉटर, नन. बिकमिंग नन. तिनं एकदम छातीवर क्रॉस केला आणि मला वाटलं अभिनंदन करते की काय! पण नाही. कॉफी ठेवली आणि म्हणाली, आमच्या गावात अशी एक होती, सातशे वर्षांपूर्वी.

दोन्या एल्विरा. सरदाराची मुलगी. बापाकडं गढी, घोडे, ऑलिव्हच्या बागा. चौदाव्या वर्षी लग्न ठरलं दुसऱ्या सरदाराशी. लग्नाच्या दिवशी ती वऱ्हाडाबरोबर निघाली, आणि वाटेत मठ लागला तिथं घोड्यावरून उतरून, लग्नाच्या झग्यात, सरळ आत गेली. दार लावून घेतलं. बाप तीस घोडेस्वार घेऊन आला. दार उघडा, नाहीतर जाळून टाकतो. त्या मठाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट होतं, बाहेरची वस्तू आत न बघता घ्यायला. ते फिरलं. आत मुलीची वेणी ठेवलेली. कापलेली, रिबिनीसकट. बाप ती घेऊन घोड्यावर बसला आणि गेला म्हणे.

मी म्हटलं, पुढं?

पुढं ती मठाची मुख्य झाली. गावाला विहीर खणून दिली. साथ आली तेव्हा आजाऱ्यांना मठात घेतलं. साठ वर्षं जगली आत. एकदाही बाहेर आली नाही, बाप मेला तेव्हासुद्धा.

आणि आई?

पिलार म्हणाली, आई दर रविवारी मठाच्या देवळात यायची. मध्ये लोखंडी जाळी आणि काळा पडदा. पलीकडं सगळ्या एकत्र गायच्या. त्यातला आपल्या मुलीचा आवाज कुठला, ते ती ऐकत बसायची.

आईचं नाव काय? मी विचारलं.

पिलारनं बराच विचार केला. मग म्हणाली, माहीत नाही. कुणी लिहून ठेवलेलं नाही.

१४ सप्टेंबर

दशलक्षण पर्व लागलं. अल नस्रला एकांच्या फ्लॅटवर जमलो — आपली जैन घरं इथं पाचच. बातमी आधीच पोचलेली. एक बाई सगळ्यांसमोर माझे पाय धरायला वाकल्या! "किती भाग्यवान तुम्ही. कुळाचा उद्धार केला मुलीनं."

हे उठून गॅलरीत गेले. मी स्वयंपाकघरात. नळ सोडून उभी राहिले.

त्या बाईंच्या मुलींची लग्नं झालीत. नातवंडं आहेत.

२३ सप्टेंबर

इराक-इराण लढाई जुंपली. रेडिओ दिवसभर चालू. हे दुपारी फोन करून म्हणाले, प्लँटवर सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. फेब्रुवारीचं आता काही सांगता येत नाही.

लढाई कुठं, आणि मी कुठं!

२१ ऑक्टोबर

ईदचे दिवस. आज मी एक धाडस केलं. यांना सांगितलेलं नाही.

समोरच्या फ्लॅटमधली नफिसा — मूळची चिपळूणकडची, अरबी फर्डं बोलते — तिला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "कफीलच्या आईला मी ओळखते. तिच्या सुनांचे कपडे शिवलेत. पुरुषांना विचारून काय व्हनार नाय. म्हातारीला विचारू. चल गो, मी हाय ना."

मदिनत खलीफाला त्यांचा बंगला. बायकांच्या खोलीत भिंतीला लागून गाद्या, मध्ये खजूर आणि कहवा. म्हातारी हजरा मधोमध बसलेली, तोंडावर तो पितळेसारखा चमकणारा बुरखा, डोळे तेवढे दिसतात. मी तिथं नेसलेल्या साडीतच घामाघूम. नफिसा सांगत होती, मी तिच्या तोंडाकडं बघत होते. माझं दुःख अरबीत कसं वाटतं कोण जाणे.

म्हातारीनं विचारलं, मुलगी आजारी आहे का?

नाही.

नवऱ्यानं टाकली?

लग्नच झालं नाही.

कुणाबरोबर पळाली?

नफिसानं मला न विचारताच सांगितलं, देवाबरोबर.

सुना हसायच्या थांबल्या. मग तिनं माझा हात घेतला, खूप वेळ थोपटत राहिली. स्वतःचं काहीतरी सांगितलं. नफिसा म्हणाली, तिची एक मुलगी बहरीनला दिली होती, बाळंतपणात गेली. तिला निरोप मिळाला तो चाळीस दिवसांनी. मोतीवाल्यांच्या नावेतून.

मी म्हटलं, पासपोर्टचं विचार. नफिसानं विचारलं.

"इन्शाल्ला," म्हातारी म्हणाली. मुलाला सांगते म्हणाली.

येताना टॅक्सीत नफिसा म्हणाली, रडू नको, काम व्हईल. मी कामासाठी रडत नव्हते.

३ नोव्हेंबर

काही नाही.

२८ नोव्हेंबर

भाऊजींचं पत्र. चातुर्मास संपला, संघ गावातनं हलणार नाही अजून. मुहूर्त निघाला. माघ शुद्ध पंचमी, नऊ फेब्रुवारी. गावातच होणार. "पोरगी ऐकंना. तिसऱ्यांदा महाराजांनी होकार दिला, मग मी कोण अडवणार? मी हो म्हटलंय. मांडव मोठा घालतोय. आपल्या घरची दीक्षा म्हणजे पाच हजार माणूस येणार."

मांडव! लग्नासारखा!

तिला नटवतील, हत्तीवरून मिरवतील. हिरव्या बांगड्या भरतील, मेंदी काढतील. मग सगळ्यांसमोर एकेक उतरवायला लावतील. आईनं करायचं ते सगळं जाऊबाई करणार.

यांनी पत्र फाडलं. मग खाली वाकून तुकडे गोळा केले.

१७ जानेवारी १९८१

सुट्ट्यांची बंदी उठली! हे आले ते दारातूनच म्हणाले, "अठ्ठावीसचं विमान." मी सूटकेस काढायला स्टुलावर चढलेसुद्धा.

म्हणाले, "उतर. मी एकटा जातोय."

कफीलनं एकाचंच परमिट दिलं म्हणे. मी म्हटलं, मग मला द्या ते. मी आई आहे.

"तू जाऊन काय करशील? रडशील. तिच्या पाया पडशील. तिला दंडाला धरून बाहेर काढायला माणूस पाहिजे."

मी पुष्कळ बोलले. एवढं लग्नापासून कधी बोलले नसेन. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "मी आणतो तिला. शब्द देतो. मुंबईत चार महिने माझ्या बहिणीकडं ठेवू, मग व्हिसा करून इथं."

रात्री नफिसा सांगून गेली. मंदूब — कंपनीचा कागदपत्रांचा माणूस — तिच्या नवऱ्याला सहज बोलला, म्हातारीच्या सांगण्यावरनं दोघांचीही परमिटं तयार होती. साहेबांनीच, म्हणजे यांनी, एकच मागितलं.

हे मी यांना विचारलं नाही. विचारून काय करू?

२८ जानेवारी

गेले. विमानतळावर म्हणाले, कडी नीट लावत जा. मी शशीसाठी स्वेटर दिला होता, तो त्यांनी कोटाच्या खिशात कोंबला.

९ फेब्रुवारी, सोमवार

इथं सकाळचे साडेसहा म्हणजे तिथं नऊ. आज.

त्यांनी तिला आणलं असेल तर ती आता मुंबईत. नसेल तर —

पिलार येऊन बसली. दुपारी बाराला उठून गेली तेव्हा मला कळलं की इतका वेळ मी स्वतःच्या वेणीला धरून बसले होते.

२१ फेब्रुवारी

यांचं पत्र. अक्षर नेहमीचं, ड्रॉइंगवर लिहितात तसं, सरळ.

"सरोज, मी शब्द पाळू शकलो नाही. सहा दिवस तिच्याशी बोललो. ती वाद घालत नाही. माझं सगळं ऐकून घेते आणि म्हणते, बाबा, तुम्ही दमलाय. नऊ तारखेला मी स्टेजच्या मागं उभा होतो, ऐन वेळी तिला उचलायचं म्हणून. थोरला भाऊ मुद्दाम शेजारी उभा होता. केशलोच सुरू झाला. पहिले केस महाराजांच्या संघातल्या माताजींनी काढले, बाकीचे तिनं स्वतः. राखेत बोटं बुडवायची, बट धरायची, ओढायची. दोन तास दहा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बघत होतो. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. शेवटी शेवटी कानामागचे राहिले होते, ते तिला दिसत नव्हते, चाचपडत होती. मी पुढं झालो. कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही. लोकांनी धरलं. तुझा स्वेटर माझ्या खिशातच राहिला.

नाव आर्जवमती ठेवलं आहे. आता माताजी म्हणायचं."

माताजी.

माझ्या पोटच्या पोरीला मी आई म्हणायचं!

६ मार्च

त्यांचं छोटं पत्र. संघ निघाला. "पहिला मुक्काम आठ किलोमीटरवर. तिथपर्यंत चालत सोडून येतो म्हटलं. तिथून आणखी सहा. उद्या परत फिरतो."

गुडघे दुखतात यांचे. प्लँटवर जिना चढायला नको म्हणून लिफ्टसाठी भांडले होते.

१८ मार्च

सुट्टी संपून सहा दिवस झाले. ऑफिसातून फोन — मॅडम, साहेब कुठं आहेत? मी म्हटलं, चालतायत.

ते म्हणाले, व्हॉट?

३० मार्च

पत्र. मिरजेच्या पलीकडं कुठलं तरी गाव.

"आज तिच्या आहाराच्या वेळी मी समोर होतो. दुसऱ्याच घासाला ओंजळीत केस निघाला. अंतराय. ओंजळ सोडून ती उठली. म्हणजे उद्यापर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही, या उन्हात. नऊ किलोमीटर चालायचं होतं. त्या घरच्या बाई रडायला लागल्या. ती त्यांची समजूत घालत होती! मला पान वाढलं होतं, मी उठलो. दिवसभर तिच्या मागं चाललो, तहानेनं जीभ चिकटली. संध्याकाळी मला वाटलं, सरोज, मी पंचवीस वर्षांत काय बांधलं? पाईप. समुद्राचं पाणी गोड करायचे पाईप."

पुढं काही नाही. कधी येतो, काही नाही. मी पत्र उलटं करून, उजेडात धरून बघितलं.

नफिसाला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "अगो, ही पत्रं मुलीविषयी नायत."

८ एप्रिल

मंदूब आला. हातात माझा पासपोर्ट. साहेबांची नोकरी खलास, म्हणून माझा व्हिसाही खलास. फ्लॅट महिनाअखेर रिकामा करायचा. परमिट आतच घडी घालून ठेवलेलं, सहीशिक्क्यासकट.

जुलै ते मार्च मी ज्यासाठी भीक मागितली, ते तो टेबलावर ठेवून, चहासुद्धा न घेता गेला.

पासपोर्टात माझा फोटो आहे. तीस वर्षांची आहे मी त्यात. केवढे केस!

तिकीट अठराचं.

१७ एप्रिल, शुक्रवार

बॅगा भरून झाल्या. पिलार निरोपाला आली होती, नफिसानं डबा दिला.

काल पोस्टाच्या पेटीत रजिस्टर पाकीट होतं. आत एकच कागद, त्यांच्याच सरळ अक्षरात. "माझे पती श्री. भूपाल यांनी दीक्षा घेण्यास माझी हरकत नाही." खाली माझ्या सहीसाठी रेघ आखलेली, पट्टीनं. पत्नीनं सही केल्याशिवाय महाराज देत नाहीत म्हणे.

‘नाही’ खोडलं. वर ‘आहे’ लिहिलं. सही केली.

पोस्टानं पाठवणार नाही. हातात नेऊन देणार.